मसुदा क्रमांक २८

रेल्वेचं तिकीट काढताना, वीजबिल भरताना किंवा बँकेचं खातं उघडताना एक प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. ‘मी टाकलेला पासवर्ड वाटेत कोणी वाचणार नाही, हे कशावरून?’ बहुतेक वेळा उत्तर मिळतं, की पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ आहे ना, मग काळजी नाही. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. त्या अक्षरांमागे एक लेखी नियमावली आहे. तिचं नाव टीएलएस. खरा विश्वास टाकायचा तो या नियमावलीवर.

टीएलएसची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा पहिला मसुदा एप्रिल २०१४ मधला. मसुद्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू झाले आणि २८ पर्यंत गेले. चार वर्षं एवढं काय बदलत होतं? आणि जी नियमावली इतक्यांदा बदलावी लागली, तिच्यावर भरवसा का ठेवायचा? या प्रकरणात आपण त्या मसुद्यांचा प्रवास पाहू. माझ्या मते आपल्या भरवशाचं कारण त्या बदलांमध्येच आहे.

१. दोन अनोळखी यंत्रांचं बोलणं

तुमच्या फोनमधला ब्राउझर एका कंपनीचा असतो. बँकेच्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेलं असतं. दोघांची आधी कधी गाठ पडलेली नसते. तरीही पहिल्या क्षणातच त्यांना तीन कामं उरकावी लागतात. समोरचा सर्व्हर खरंच बँकेचा आहे का, हे तपासणं. मजकूर कोणत्या पद्धतीने सांकेतिक करायचा, हे ठरवणं. आणि त्यासाठी लागणारी गुप्त किल्ली, म्हणजे एक भलीमोठी संख्या, दोघांकडे तयार करणं. हे सगळं करायचं ते कोणीही ऐकू शकेल अशा उघड्या तारेवरून. या सुरुवातीच्या देवाणघेवाणीला ‘हँडशेक’ म्हणतात.

हँडशेकमध्ये कोणी आधी बोलायचं, कोणता आकडा कुठे लिहायचा, चूक झाली तर काय करायचं, हे सगळं ज्या दस्तऐवजात लिहिलेलं असतं, ते मानक. नव्वदच्या दशकात नेटस्केप या ब्राउझर कंपनीने असं पहिलं मानक वापरात आणलं. त्याचं नाव एसएसएल. त्याची दुसरी आवृत्ती १९९५ ची, तिसरी १९९६ ची. पुढे काम एका कंपनीच्या हातून सार्वजनिक संघटनेकडे गेलं आणि नाव टीएलएस झालं. त्याची १.० आवृत्ती १९९९ मध्ये आली, १.१ आवृत्ती २००६ मध्ये आणि १.२ आवृत्ती २००८ मध्ये.

२. नियम लिहितं कोण?

ही सार्वजनिक संघटना म्हणजे १९८६ मध्ये सुरू झालेली ‘इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्स’, थोडक्यात आयईटीएफ. तिला सभासद नसतात. कंपन्यांचे अभियंते, विद्यापीठांतले संशोधक, एकट्याने काम करणारे प्रोग्रॅमर असे सगळे इथे स्वतःच्या नावाने बोलतात. मसुदे कोणालाही फुकट वाचता येतात. नागपूरच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला एखाद्या कलमात चूक सापडली, तर तीही मांडता येते आणि तिला उत्तर द्यावं लागतं.

इथे मतदान होत नाही. सभेत कल पाहायचा असेल, तर प्रश्न विचारला जातो आणि ज्यांना पटतं ते तोंड मिटून हुंकार देतात. त्या आवाजावरून अध्यक्ष अंदाज घेतात. अंतिम निकष असतो ‘ढोबळ सहमती’. म्हणजे प्रत्येकाचं समाधान झालं नाही तरी चालेल, पण प्रत्येक गंभीर आक्षेपाला उत्तर मिळालेलं हवं. डोकी मोजायला लागलं, तर सगळ्यात मोठी कंपनी आपली शंभर माणसं आणून बसवील, म्हणून ही रीत.

मसुद्याचं आयुष्यही मुद्दाम छोटं ठेवलेलं असतं. सहा महिन्यांत सुधारित मसुदा आला नाही, तर आधीचा बाद समजला जातो. टीएलएस १.३ च्या मसुद्यांचे संपादक होते एरिक रेस्कोर्ला. लिखाणाची जबाबदारी त्यांची, पण काय लिहायचं ते टीएलएसवर काम करणाऱ्या गटाने ठरवायचं.

३. जुन्या मानकाचं काय बिघडलं होतं?

१.२ आवृत्ती असताना नवी कशाला, असा प्रश्न तेव्हाही होता. उत्तर हल्ल्यांनी दिलं. २०११ मध्ये बीस्ट, २०१२ मध्ये क्राइम, २०१३ मध्ये लकी थर्टीन, २०१४ मध्ये पूडल. संशोधक एकामागून एक त्रुटी दाखवत होते आणि दर वेळी तेवढ्यापुरतं ठिगळ लावलं जात होतं.

इथे एक फरक लक्षात घेऊ. २०१४ मध्ये खूप गाजलेला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएल नावाच्या सॉफ्टवेअरमधला होता. नियम ठीक होता, तो अमलात आणणारा प्रोग्रॅम चुकला होता. बीस्ट किंवा लकी थर्टीनची गोष्ट वेगळी. तिथे मानकात सांगितलेली रीतच कच्ची होती, त्यामुळे नियम नीट पाळणारं सॉफ्टवेअरही अडकत होतं.

सगळ्यात शिकण्यासारखी उदाहरणं दोन. पहिलं १९९८ चं. डॅनियल ब्लायशेनबाखर या संशोधकाने दाखवलं, की चुकीच्या संदेशाला सर्व्हर कसं उत्तर देतो हे पुन्हा पुन्हा पाहत गेलं, तर गुप्त किल्ली उलगडता येते. मानकाने मूळ रीत तशीच ठेवली आणि प्रोग्रॅमरांना सूचना दिली, की चूक झाल्याचं बाहेर कळू देऊ नका. २०१७ मध्ये संशोधकांनी पुन्हा तपासलं, तेव्हा काही नामांकित संकेतस्थळंही त्याच हल्ल्याला बळी पडू शकत होती. एकोणीस वर्षांच्या सूचना पुरल्या नव्हत्या.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या जुन्या निर्यात कायद्याचं. नव्वदच्या दशकात त्या देशाबाहेर जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम कमकुवत किल्ल्या ठेवाव्या लागत. कायदा पुढे सैल झाला, पण कमकुवत पर्याय मानकात आणि सॉफ्टवेअरमध्ये पडून राहिले. २०१५ मध्ये फ्रीक आणि लॉगजॅम या हल्ल्यांनी दाखवलं, की मधला माणूस दोन आधुनिक यंत्रांनाही त्या जुन्या पर्यायावर ढकलू शकतो आणि मग किल्ली फोडू शकतो. कोणालाही नको असलेला पर्याय, केवळ काढून टाकला नाही म्हणून, घातक ठरला.

४. आधी काढून टाका

म्हणून नव्या मसुद्याचं पहिलं मोठं काम होतं वगळण्याचं. १.२ मध्ये सांकेतिक पद्धतींच्या नोंदवलेल्या जोड्या शेकडो होत्या. १.३ मध्ये पाच उरल्या. आरसी४, एमडी५, जुन्या धर्तीचं सीबीसी या कच्च्या ठरलेल्या पद्धती, मजकूर आवळून पाठवण्याची सोय, चालू संभाषणात पुन्हा वाटाघाट करण्याची सोय, हे सगळं गेलं.

सगळ्यात मोठी वगळ होती आरएसए पद्धतीने किल्ली पाठवण्याची. जुन्या रीतीत ब्राउझर एक गुपित तयार करी, ते सर्व्हरच्या कायमच्या किल्लीसाठी बंद करी आणि पाठवून देई. म्हणजे एका वाड्यातल्या सगळ्या खोल्यांना एकच किल्ली लागावी, तसं. ती किल्ली आज सुरक्षित असेल, पण दहा वर्षांनी चोराच्या हाती लागली, तर आजवर कुलूपबंद केलेली प्रत्येक खोली उघडते. तारेवरून गेलेला सांकेतिक मजकूर ज्याने साठवून ठेवला आहे, तो सर्व्हरची किल्ली मिळताच मागचं सगळं वाचू शकतो.

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेची कागदपत्रं उघड केली आणि एवढ्या प्रमाणावर मजकूर खरंच गोळा होतो, हे जगाला कळलं. मे २०१४ मध्ये आयईटीएफने आपली भूमिका लेखी जाहीर केली, की सर्वव्यापी पाळत हा इंटरनेटवरचा हल्लाच मानायचा आणि मानकं लिहिताना तो गृहीत धरायचा. टीएलएसच्या गटाने त्याच वर्षीच्या सुरुवातीच्या मसुद्यांत आरएसएची ती रीत काढून टाकली. तिच्या जागी प्रत्येक संभाषणासाठी नवी किल्ली तयार करून काम संपताच पुसून टाकायची रीत सक्तीची झाली.

५. सगळ्यांसमोर गुपित कसं ठरतं?

पण दोघांचं बोलणं सगळे ऐकत असताना नवी किल्ली ठरवायची कशी? याचं उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये दिलं. लहान आकड्यांवर ते करून पाहू.

१७ आणि ३ हे दोन आकडे सर्वांना माहीत आहेत. ब्राउझर मनात ३ हा गुप्त घात धरतो. ३ चा तिसरा घात २७, त्याला १७ ने भागल्यावर बाकी १०. तो १० पाठवतो. सर्व्हर मनात ६ धरतो. ३ चा सहावा घात ७२९, त्याला १७ ने भागल्यावर बाकी १५. तो १५ पाठवतो.

आता ब्राउझर मिळालेल्या १५ चा तिसरा घात काढतो, ३३७५. १७ ने भागल्यावर बाकी ९. सर्व्हर मिळालेल्या १० चा सहावा घात काढतो, दहा लाख. १७ ने भागल्यावर बाकी पुन्हा ९. दोघांकडे ९ आला, पण ९ हा आकडा तारेवरून गेलाच नाही. ऐकणाऱ्याला १७, ३, १० आणि १५ एवढंच मिळालं.

इतक्या लहान आकड्यांत ऐकणारा सगळे घात तपासून गुपित शोधेल. पण आकडा शेकडो अंकी असला, तर आजच्या संगणकांना ते जमत नाही. लॉगजॅमने हेच दाखवलं होतं, की आकडा पुरेसा मोठा नसेल तर ही रीत फुटते. म्हणून १.३ मध्ये सर्व्हरने मनाला येईल तो आकडा निवडायची मुभा काढली गेली. पारखून घेतलेल्या ठरावीक गटांतूनच निवड करायची.

६. एक फेरी वाचवली, आणि एक धोका पत्करला

सुरक्षेबरोबर वेगही हवा होता. समजा, पुण्याहून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन उत्तर यायला २०० मिलिसेकंद लागतात. जोडणी उभी करायला एक फेरी लागते. जुन्या टीएलएसच्या हँडशेकला आणखी दोन. म्हणजे पहिली खरी मागणी पाठवण्याआधीच ६०० मिलिसेकंद गेले. १.३ मध्ये ब्राउझर पहिल्याच संदेशात आपला किल्लीचा भाग पाठवून देतो, त्यामुळे हँडशेक एका फेरीत उरकतो आणि ४०० मिलिसेकंदांत काम सुरू होतं.

मग पुढची कल्पना आली. ज्या सर्व्हरशी आधी बोलणं झालं आहे, त्याला पहिल्याच संदेशाबरोबर मागणीही पाठवून द्यायची. हँडशेकसाठी एकही फेरी थांबायचं नाही. इथे गटात खूप वाद झाला, कारण यात एक खरा धोका आहे. वाटेतल्या माणसाला तो संदेश वाचता येत नाही, पण जसाच्या तसा पुन्हा पाठवता येतो. मागणी ‘आजची बातमी दाखवा’ अशी असेल, तर दोनदा गेल्याने बिघडत नाही. ‘पाचशे रुपये पाठवा’ अशी असेल, तर बिघडतं.

मसुद्याने सोय ठेवली, पण अट घातली. वरच्या पातळीवरच्या प्रत्येक नियमावलीने ही सोय कुठे चालेल ते आधी स्वतंत्रपणे लिहावं, नाहीतर ती वापरू नये. तडजोड झाली, पण तिची किंमत मानकाच्या मजकुरातच स्पष्ट नोंदवली गेली. प्रामाणिक लिखाण मी याला म्हणतो.

७. कुलूप बसवण्याआधी फोडून पाहा

आधीच्या आवृत्त्यांत मानक प्रसिद्ध व्हायचं, जगभर वापरात यायचं आणि मग संशोधक ते फोडायचे. या वेळी गटाने क्रम उलटा केला. मसुदा कच्चा असतानाच विद्यापीठांतल्या संशोधकांना तो फोडायला दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सॅन डिएगोला खास याच कामासाठी कार्यशाळा झाली.

हे संशोधक हँडशेकचं गणिती प्रारूप तयार करतात आणि मधला हल्लेखोर काय काय करू शकतो, हे संगणकाकडून तपासून घेतात. कॅस क्रेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅमरिन नावाच्या साधनाने दहाव्या मसुद्याचा अभ्यास केला. हँडशेकनंतर ग्राहकाने, म्हणजे ब्राउझरच्या बाजूने, आपली ओळख पटवण्याची जी सोय तेव्हा विचाराधीन होती, ती जोडून पाहिल्यावर त्यांना फट सापडली. ग्राहकाने एका जोडणीसाठी केलेली डिजिटल सही वापरून हल्लेखोर दुसऱ्या जोडणीत ग्राहक म्हणून मिरवू शकत होता. कारण असं, की आपण नेमक्या कोणत्या संभाषणासाठी सही करतो आहोत, हे त्या सहीत पुरेसं बांधलेलं नव्हतं. पुढच्या मसुद्यांत ते बांधलं गेलं.

ही फट प्रसिद्ध मानकात सापडली असती, तर जगभरचे सर्व्हर बदलावे लागले असते. मसुद्यात सापडल्यामुळे काही ओळी बदलून भागलं. मसुदा उघड्यावर ठेवण्याचा फायदा एवढ्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

८. ‘आमच्यासाठी जुनी रीत राहू द्या’

२०१६ च्या सप्टेंबरात वेगळ्याच बाजूने आक्षेप आला. अमेरिकेतल्या वित्तसंस्थांच्या संघटनेतर्फे सांगण्यात आलं, की आरएसएची जुनी रीत काढू नका. त्यांची अडचण खरी होती. आपल्याच डेटा सेंटरमधली वाहतूक तपासून घोटाळे आणि बिघाड शोधण्यासाठी ते कायमच्या किल्लीचा वापर करत. किल्ली दर संभाषणाला बदलू लागली, तर ही देखरेख बंद पडणार होती.

गटाने ऐकून घेतलं, पण रीत परत आणली नाही. पुढे २०१७ मध्ये प्राग इथे आणि मार्च २०१८ मध्ये लंडनला याच मागणीच्या वेगवेगळ्या रूपांवर चर्चा झाली. सहमती झाली नाही. विरोधकांचा मुद्दा सरळ होता. एकाच्या देखरेखीसाठी ठेवलेली वाट सगळ्यांसाठी उघडी राहते, कारण ती वापरणारा बँकेचा अधिकारी आहे की हेरगिरी करणारा, हे गणिताला कळत नाही. ज्यांना हवी त्यांनी देखरेख संभाषणाच्या टोकाला, आपल्या सर्व्हरवर करावी. मला हा निर्णय योग्य वाटतो. जगातल्या प्रत्येक फोनला लागू होणारा नियम काही संस्थांच्या अंतर्गत सोयीसाठी कमजोर करणं, हा फार महाग सौदा ठरला असता.

९. मधल्या पेट्यांची अडचण

२०१७ पर्यंत मसुदा गणिताच्या दृष्टीने जवळजवळ पक्का होता. क्रोम आणि फायरफॉक्सच्या चमूंनी तो खऱ्या इंटरनेटवर चालवून पाहिला. काही जोडण्या तुटू लागल्या. दोष ना ब्राउझरचा होता, ना सर्व्हरचा. कार्यालयं, शाळा आणि इतर जाळ्यांच्या वाटेवर वाहतूक तपासणाऱ्या पेट्या बसवलेल्या असतात. आवृत्तीचा अनोळखी आकडा दिसला, की त्यांतल्या काही जोडणीच तोडून टाकत. नवा आकडा आला तर जुन्यावर बोलणं सुरू ठेवा, असा नियम मानकात पहिल्यापासून होता. पण नवा आकडा वर्षानुवर्षं आलाच नव्हता, म्हणून तो नियम न पाळणारी यंत्रं कोणाच्या लक्षात आली नव्हती.

नोव्हेंबर २०१७ च्या बाविसाव्या मसुद्यात उपाय आला. १.३ चा हँडशेक बाहेरून १.२ सारखाच दिसेल, अशी रचना केली. आवृत्तीच्या जुन्या रकान्यात १.२ चाच आकडा लिहायचा आणि खरी आवृत्ती संदेशाच्या एका जोडपुरवणीत सांगायची. जुन्या हँडशेकमधला, आता निरर्थक झालेला एक छोटा संदेशही केवळ पेट्यांच्या समाधानासाठी परत पाठवायचा. जोडण्या तुटण्याचं प्रमाण खाली आलं.

मग दुसरी शंका. मधल्या माणसाने खरोखरच दोघांना १.२ वर ढकललं तर? त्यासाठी एक साधी खूण ठेवलेली आहे. १.३ येणाऱ्या सर्व्हरला नाइलाजाने १.२ वर बोलावं लागलं, तर तो हँडशेकमध्ये पाठवायच्या आपल्या यादृच्छिक आकड्याच्या शेवटच्या आठ बाइटमध्ये ‘डाउनग्रेड’ या शब्दाचं आखूड रूप लिहितो. १.३ येणाऱ्या ब्राउझरने ते पाहिलं, की त्याला कळतं, कोणीतरी मध्ये ढवळाढवळ केली. तो जोडणी तोडतो.

अशा पेट्यांसाठी आणखी एक उपाय आहे. क्रोम ब्राउझर आता संदेशांत मुद्दाम निरर्थक, राखीव आकडे मिसळतो, म्हणजे अनोळखी आकडा आला की कोसळणारी यंत्रं लगेच उघडी पडतात. ही रीत जानेवारी २०२० मध्ये स्वतंत्र दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली.

१०. प्रसिद्ध झालं, संपलं नाही

मार्च २०१८ मध्ये अठ्ठाविसावा मसुदा मान्य झाला आणि ऑगस्टमध्ये आयईटीएफच्या दस्तऐवजमालेत आरएफसी ८४४६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. दस्तऐवज १६० पानांचा आहे. मार्च २०२१ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ अधिकृतपणे निवृत्त झाल्या. दरम्यान २०१९ मध्ये नीर ड्रकर आणि शाय गुएरॉन यांनी दाखवलं, की आधीच वाटून ठेवलेल्या किल्लीचा वापर होतो तिथे, विशिष्ट परिस्थितीत, एखाद्या यंत्राला स्वतःशीच बोलायला लावता येतं. इतक्या तपासण्यांनंतरही ही गोष्ट निसटली होती. ८४४६ च्या सुधारित आवृत्तीचंही काम सुरू झालं.

पुढचं आव्हान क्वांटम संगणकाचं आहे. असा पुरेसा मोठा संगणक तयार झाला, तर पाचव्या भागातलं घातांचं गणित तो उलट सोडवू शकेल. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने प्रमाणित केलेली एमएल-केईएम ही नवी रीत जुन्या रीतीच्या जोडीने टीएलएसमध्ये वापरली जाते आहे. त्यासाठी अख्खा हँडशेक मोडावा लागला नाही, हेही चांगल्या रचनेचंच फळ.

यातून सामान्य वापरकर्त्याने काय घ्यावं? पहिलं, फोन आणि ब्राउझर अद्ययावत ठेवावेत, कारण मानकातली दुरुस्ती आपल्यापर्यंत त्याच वाटेने येते. दुसरं, कोणी ‘आमची यंत्रणा पूर्ण सुरक्षित आहे’ असं सांगितलं, तर तीन प्रश्न विचारावेत. तिचे नियम उघड आहेत का? ते फोडायचा प्रयत्न कोणी आणि कधी केला? आणि त्या प्रयत्नांनंतर नियमांत काय बदललं? टीएलएस १.३ कडे या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरं आहेत, आणि एकोणतीस मसुद्यांतून ती कोणालाही तपासून पाहता येतात. ज्या यंत्रणेकडे अशी उत्तरं नाहीत, तिच्या हमीवर आपले पैसे आणि आपली गुपितं सोपवताना दहादा विचार करावा.